आधी स्वतः फळीवर

१. सरोजा टीचर, कुंभकोणम्. मुलींच्या शाळेत गणित शिकवतात. ऐंशीच्या दशकात सिंगापूरला भावाकडे असताना कर्करोगामुळे त्यांचा उजवा स्तन काढावा लागला. त्या जागी सिलिकोनची पिशवी बसवली.

२. नव्वदच्या दशकात ती बाजू घट्ट झाली, आकार बदलला. त्याच बाजूला काखेत गाठ लागली.

३. तंजावरच्या सर्जनांचे मत : रोग परत आला. काखेतल्या सगळ्या गाठी काढाव्यात, औषधे सुरू करावीत.

४. डॉ. यमुनाबाईंनी कुंभकोणमला सोनोग्राफी केली. त्यांना वेगळी शंका आली.

५. तिरुच्चीच्या केंद्रात एम.आर.आय. पहिली खेप निकामी. रुग्णाने पालथे झोपण्यास नकार दिला.

६. डॉक्टर स्वतः पालथ्या झोपल्या.

७. दुसरी खेप. चित्र मिळाले. अहवाल पाठवला, उत्तरासाठी शुक्रवार दिला.

८. शुक्रवारी उत्तर आले नाही.

गौरवग्रंथासाठी मी एवढेच लिहून दिले होते. संपादक मंडळातल्या एका ज्येष्ठांनी कागद परत केला आणि म्हणाले, "बाळ, हा गौरवलेख नाही, पंचनामा आहे." त्यांचे बरोबर होते. मी तंत्रज्ञ आहे; जे दिसले ते क्रमाने मांडायची सवय आहे. पण डॉ. यमुनाबाईंच्या साठीनिमित्त लिहायचे तर या आठ ओळींच्या मधल्या जागा भरणे भाग आहे. सरोजा टीचरांनी आपले नाव आणि आजार लिहायला स्वतःहून परवानगी दिली आहे. त्यांनी मसुदा वाचला, दोन चुका दुरुस्त केल्या आणि 'हस्ताक्षर सुधारावे' असा शेरा दिला.

डॉक्टरांची माझी पहिली भेट त्यांच्या दवाखान्यात झाली. महामहम तळ्यामागच्या गल्लीत खाली एक्स-रे आणि सोनोग्राफी, वर त्यांचे राहते घर. मी पुण्याला आणि मद्रासला प्रशिक्षण संपवून परत आले होते आणि प्रमाणपत्रांची फाइल घेऊन गेले होते. त्यांनी ती उघडली नाही. मला एक्स-रेच्या मेजावर आडवे व्हायला सांगितले आणि दार लोटून त्या बाहेर निघून गेल्या. बऱ्याच वेळाने परत आल्या.

"काय दिसलें?"

मी सांगितले : मेज थंड आहे, डोक्याशी उशी नाही, पंख्याच्या वर जळमट आहे, आणि दाराबाहेरचे बोलणे ऐकू येते पण कळत नाही, त्यामुळे ते आपल्याबद्दलच आहे असे वाटते.

"चांगलें. तें जळमट काढ आणि उद्यापासून ये."

डॉक्टरांच्या घरी आणि माझ्या घरी एकच मराठी आहे, तंजावरची. पुण्यात माझ्या मैत्रिणी म्हणायच्या की तू पोथीतून बोलतेस. हा लेख मी पुण्यात शिकलेल्या मराठीत लिहिते आहे, पण डॉक्टर माझ्याशी जे बोलल्या ते त्यांच्याच मराठीत ठेवले आहे; टीचरांशी आणि सर्जनांशी त्या तमिळमध्ये बोलत, ते माझ्या मराठीत आणले आहे. त्यांची मराठी दुरुस्त करण्याचा अधिकार मला नाही.

तो मेजाचा नियम सगळ्यांना लागू होता. ज्या मेजावर रुग्णाला न्यायचे त्यावर आधी आपण आडवे व्हायचे. झाडणाऱ्या बाई आडव्या झाल्या होत्या, हिशेब ठेवणारे गृहस्थही लाजत आडवे झाले होते. नवे यंत्र आले की पहिल्या डॉक्टर.

दुसरा नियम अहवालाचा. प्रत्येक अहवालाच्या खाली त्या स्वतःच्या हाताने एक ओळ लिहीत : 'शस्त्रक्रियेत प्रत्यक्ष काय आढळले ते अमुक वारापर्यंत कळवावे, ही विनंती.' चित्रात दिसले ते खरोखर तिथे होते का, हे कापणाऱ्यालाच कळते, आणि तो सांगत नाही तोवर आपण नुसते कल्पना करत बसतो, असे त्या म्हणत. काही सर्जन चिडत. एकांनी विचारलेही की यमुनाबाई आम्हाला गृहपाठ देतात काय. डॉक्टर त्यांना म्हणाल्या, हो, आणि तुमचा मागचाही राहिला आहे.

आलेल्या उत्तरांपैकी 'तुमचे निदान बरोबर निघाले' अशी पत्रे खणात जात. 'चुकले' अशी पत्रे त्यांच्या टेबलाच्या काचेखाली असत. कुणीही रुग्ण समोर बसून ती वाचू शके. त्यात एक तिरुविसनल्लूरच्या बाईंच्या शस्त्रक्रियेचे होते. त्यांनाही सिलिकोनची पिशवी होती. चित्रात पिशवीच्या आत एक काळी रेघ दिसली आणि डॉक्टरांनी पिशवी फुटल्याचे लिहिले. उघडून पाहिले तर पिशवी धड होती. ती रेघ म्हणजे नुसती पडलेली घडी. उत्तर आले त्याच संध्याकाळी डॉक्टर मला घेऊन तिरुविसनल्लूरला गेल्या. बाईंच्या ओसरीवर बसून त्यांनी सांगितले की तुम्हाला ही शस्त्रक्रिया माझ्या चुकीमुळे झाली. बाईंच्या सासऱ्यांनी बराच वेळ सुनावले. डॉक्टरांनी ऐकून घेतले. निघताना बाईंनी चार केळी हातात दिली. परतीच्या बसमध्ये डॉक्टर एवढेच म्हणाल्या, "घडी एका टोकाला भिंतीस चिकटलेली असते. फुटलेल्या पिशवीचें कवच आंत सुटें तरंगतें. हें आतां विसरायचें नाही." केळी आम्ही दोघींनी खाल्ली.

सरोजा टीचर आल्या तेव्हा ही चूक काचेखाली होती, हे महत्त्वाचे आहे.

टीचर आल्या त्या सर्जनांची चिठ्ठी घेऊन. सरळ बसल्या, सरळ बोलल्या. रोग परत आला असेल तर दहावीचा वर्ग मध्येच सोडायचा नाही, आत्ताच दुसऱ्या बाईंकडे द्यायचा, म्हणून लवकर सांगा, असे त्यांचे म्हणणे होते. पोचवायला आलेल्या बहिणीने डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगितले की टीचरांनी रेशमी साड्या वाटायला सुरुवात केली आहे. मोरपंखी बहिणीला मिळाली होती. ती तिने नेसली नव्हती.

सोनोग्राफीच्या पडद्यावर काखेतली गाठ नीट गाठीसारखी दिसेना. तिच्यामागे सगळे पांढरे, विस्कटलेले. परदेशी पुस्तकांत या दृश्याला बर्फाचे वादळ म्हणतात. डॉक्टरांनी मला शिकवताना ते नाव बाजूला ठेवले. "बर्फ तूं पाहिलास काय? मीही नाही. मार्गळीच्या थंडींत पहाटे कावेरीवर धुकें असतें, तें पाहिलें आहेस. तसें." धुके दिसले म्हणजे तिथे सिलिकोन झिरपले असण्याची शक्यता. म्हणजे पिशवी फुटली असेल, तिच्यातला द्रव काखेतल्या गाठीपर्यंत गेला असेल, आणि ती गाठ रोगाची नसेलही. पण शक्यतेवर कुणाची औषधे थांबवता येत नाहीत. एम.आर.आय. करायला हवा होता.

त्या काळी आम्हाला जवळचे यंत्र तिरुच्चीला. तिथल्या खाजगी केंद्रात डॉक्टरांना मंगळवार मिळाला होता. दर मंगळवारी सकाळच्या गाडीने डॉक्टर, मी आणि ज्यांची तपासणी असेल त्या बाई, अशा आम्ही जात असू. डॉक्टरांच्या पर्समध्ये हळदीत भिजवलेले दोरे असत. यंत्राजवळ गळ्यात धातू चालत नाही, आणि आमच्याकडे बायका ताली, म्हणजे मंगळसूत्र, उतरवायला तयार होत नाहीत. डॉक्टर आधी हळकुंड बांधलेला पिवळा दोरा गळ्यात घालायला देत, मगच सोन्याची ताली काढायला सांगत. गळा क्षणभरही रिकामा राहत नसे. यावर कधी वाद झालेला मला आठवत नाही.

वाद टीचरांच्या बाबतीत झाला, तोही माझ्याशी. स्तनाचे चित्र काढताना रुग्णाने पालथे झोपावे लागते. उताणे झोपले की श्वासाबरोबर छाती वरखाली होते आणि चित्र पुसले जाते. मी टीचरांना हे सविस्तर समजावले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाल्या, "कळलं. मी पाठीवरच झोपेन." मला वाटले, यंत्राच्या बंद नळीची भीती असेल. तसे विचारले तर त्या म्हणाल्या की नळीत त्या दिवसभर पडून राहतील, पण पाठीवर. शेवटी तसेच घेतले. चित्र पुसलेलेच आले.

डॉक्टर रागावल्या नाहीत. परतीच्या गाडीत टीचरांशेजारी बसल्या आणि त्यांच्या आईबद्दल विचारत राहिल्या : कुठल्या, काय शिकवायच्या, कशाला रागवायच्या. तंजावर मागे पडले. पापनाशम् येईपर्यंत कारण बाहेर आले. आईने लहानपणी शिकवले होते की बाईने साष्टांग नमस्कार घालायचा नाही, देवासमोरसुद्धा गुडघ्यांवरच वाकायचे. ज्या छातीने मूल पाजायचे ती खाली टेकवायची नाही. केंद्रातल्या त्या सपाट मेजावर टीचरांना ती टेकवावी लागणार होती.

"आता एक माझी आहे आणि एक सिंगापूरची," टीचर खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या. "पण आईने काही फरक सांगितला नव्हता."

मी मनात उत्तर तयार केले होते. डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा पाहिले, आणि मी ते मनातच ठेवले. त्या टीचरांना म्हणाल्या, "मग टेकवायचं नाही."

मोठ्या शहरांत या तपासणीसाठी खास मेज असते. त्याला दोन खळगे असतात. स्तन त्यात मोकळे राहतात, दाबले जात नाहीत, आणि चित्रही चांगले येते. तिरुच्चीच्या केंद्राने ते घेतले नव्हते. डॉक्टरांनी एका नियतकालिकात त्याचा फोटो पाहिला होता. कुंभकोणमच्या एका सुताराकडून त्यांनी तशी फळी करवून घेतली. यंत्राचे चुंबक लोखंड ओढते, म्हणून एकही खिळा नाही, सगळे सांधे लाकडी खुंट्यांचे. उंची नळीत मावेल इतकीच. वर सावरीच्या कापसाची गादी. खळग्याखाली जागा ठेवली, तिथे संदेश टिपणारे तारेचे कडे बसणार होते; त्याला आम्ही कॉइल म्हणतो. फळी तयार झाल्यावर डॉक्टरांनी टीचरांना दवाखान्यात बोलावले.

एक्स-रेच्या मेजावर फळी ठेवली होती. डॉक्टरांनी पदर खोचला, स्टुलावर चढल्या आणि फळीवर पालथ्या झाल्या. तेव्हा त्यांची पन्नाशी उलटली होती आणि गुडघा दुखत होता. मान एका बाजूला वळवून त्या टीचरांना म्हणाल्या, "आता खालून हात घाला. काय लागतंय?"

टीचरांनी हात घातला. "काही नाही. हवा."

"मग टेकलं कुठं?"

टीचरांनी लगेच होकार दिला नाही. गणिताच्या बाई होत्या. त्यांनी आपल्या पिशवीतून एक कोरे अंतर्देशीय पत्र काढले, खाली वाकल्या आणि ते फळीच्या खालून एका बाजूने सरकवून दुसऱ्या बाजूने बाहेर काढले. कुठे अडले नाही. दुसऱ्या खळग्याखालूनही तेच केले. मग पत्राची घडी घालून ते पिशवीत ठेवले.

"सिद्ध झालं," त्या म्हणाल्या.

"मग उठवा मला," डॉक्टर म्हणाल्या. "नाहीतर रिपोर्ट खालूनच लिहावा लागेल."

आम्ही दोघींनी त्यांना उठवले. टीचर त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

पुढच्या मंगळवारी ती फळी आम्ही गाडीतून नेली. तिकीट तपासनिसाने हे काय म्हणून विचारले. टीचर म्हणाल्या, "भौमितिक साधन." तो पुढे गेला.

त्या दिवशी काय केले ते थोडक्यात सांगते, कारण डॉक्टरांचे काम हेच आहे. शरीरात चरबी आहे, पाणी आहे, आणि इथे सिलिकोन आहे. साध्या चित्रात तिन्ही एकमेकांत मिसळतात. यंत्राला नेमके सांगितले तर चरबीचा आणि पाण्याचा संदेश दाबता येतो. डॉक्टर माझ्या मागे उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "चरबीला गप्प बसव. पाण्याला गप्प बसव. मग जें बोलेल तें सिलिकोन." सिलिकोनचा स्वर चरबीच्या स्वराला फार जवळचा आहे, त्यामुळे ते जुळवायला मला वेळ लागला. टीचर आत निश्चल होत्या.

मग चित्र आले. सगळा देह काळा पडला आणि पिशवी तेवढी पांढरी उजळली. तिच्या आत बारीक, काळ्या, नागमोडी रेघा होत्या, एकात एक. परदेशी पुस्तकांत त्यांना कुठल्याशा इटालियन पदार्थाचे नाव आहे. डॉक्टर त्यांना दुधातल्या शेवया म्हणतात. त्यांनी प्रत्येक रेघ टोकापासून टोकापर्यंत बोटाने तपासली. एकही भिंतीला चिकटलेली नव्हती. तिरुविसनल्लूरचे नाव आम्ही दोघींनी घेतले नाही. कवच फुटून आत बुडाले होते. पिशवीच्या बाहेर पांढरा ओघळ होता. आणि काखेत, गाठीच्या जागी, तोच पांढरा उजेड.

मी म्हणाले, "अक्का, रोग नाही."

"चित्र आहे, गाठ नव्हे," त्या म्हणाल्या. "सिलिकोन आहे, इतकेंच आपण पाहिलें. सोबत रोग नाही, असें कुठें पाहिलें?"

अहवालात त्यांनी तेवढेच लिहिले. पिशवी फुटली आहे, सिलिकोन काखेपर्यंत पोचले आहे. पिशवी काढावी, काखेतली ही एकच गाठ आधी काढून तपासावी, तोवर औषधे सुरू करू नयेत. खाली ती नेहमीची ओळ, आणि शुक्रवार.

शुक्रवारी उत्तर आले नाही. सोमवारी टीचर औषधांसाठी भरती होणार होत्या. शनिवारी डॉक्टर बसने तंजावरला गेल्या, मी फिल्म धरून सोबत. त्यांनी चिठ्ठी आत पाठवली नाही. नंबर घेतला आणि रुग्णांच्या रांगेत बसल्या. दार उघडल्यावर सर्जन दचकून उभे राहिले. "यमुनाबाई, तुम्ही रांगेत?"

"उत्तर न्यायला आले आहे."

त्यांनी पाकीट उघडलेच नव्हते. आता उघडले, वाचले, आणि विचारले की छातीतल्या पिशवीतले तेल काखेत कसे जाईल. डॉक्टरांनी फिल्म प्रकाशाच्या पेटीवर लावल्या आणि ओघळाची वाट दाखवली. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले की तुम्ही चुकलात तर औषधांना उशीर झाल्याचा दोष कुणाचा. डॉक्टर म्हणाल्या, "माझा. माझ्या टेबलावर काचेखाली जागा आहे. तुमचं पत्र तिथे लावीन."

औषधे थांबली. पिशवी आणि गाठ, दोन्ही काढली. गाठीत सिलिकोन होते. रोग नव्हता. उत्तर शुक्रवारी आले आणि खणात गेले. त्यानंतर त्या सर्जनांची उत्तरे नेहमी गुरुवारी येऊ लागली. टीचरांनी दहावीचा वर्ग सोडला नाही. मोरपंखी साडी बहिणीने परत आणून दिली. टीचरांनी ती घेतली, मात्र दिलेली वस्तू परत मागितली नव्हती हे तिला स्पष्ट केले.

माझ्याबद्दल एवढेच लिहिते. एका वर्षी माझ्या घरी ठरलेली एक गोष्ट मोडली. मी कामावर आले, कुणी काही विचारू नये अशी माझी इच्छा होती. डॉक्टरांनी विचारले नाही. दुपारी वरच्या मजल्यावरून भात आणि दह्यात कालवलेल्या उडदाच्या पिठाची डांगर पच्चडी आली. दुसऱ्या दिवशीही आली. मी 'आता पुरे' म्हणेपर्यंत येत राहिली. 'पुरे' म्हणाले त्या दिवशी त्यांनी डबा उघडून, तळ पाहून, मान हलवली.

आता जे सर्वांना दिसते आहे ते मी लिहिले तर डॉक्टरांना राग येऊ नये. गेले वर्षभर डॉक्टर फिल्म पेटीवरून काढून खिडकीशी नेतात. माझ्याकडून रेघा मोजून घेतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. साठीनंतर फिल्म वाचणे बंद करणार, असे त्यांनी जाहीर केले आहे. शस्त्रक्रियेबद्दल मी दोनदा विचारले. ज्यांनी साऱ्या जिल्ह्याकडून उत्तरे वसूल केली त्यांनी मला उत्तर दिलेले नाही. एकदा मात्र म्हणाल्या, "पाहण्याचाच डोळा आहे, पोरी. त्याला हात लावूं कसा द्यावा?" त्यांना भीती वाटते, हे मला त्या दिवशी कळले. इतक्या जणींच्या भीतीपाशी त्या बसल्या. त्यांच्या भीतीपाशी बसायची वेळ आमची आहे.

हा मसुदा तपासायला सरोजा टीचर आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. गेल्या महिन्यात त्यांनी उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया करून घेतली, कुणाला न सांगता. आत कृत्रिम भिंग बसवले आहे. "एक परदेशी पाहुणी घालवली, दुसरी बसवली," त्या म्हणाल्या. "हिच्यात गळण्यासारखं काही नाही." मग माझ्या कागदाच्या शेवटी मोकळ्या राहिलेल्या जागेवर बोट ठेवून म्हणाल्या, "इथे लिही. डॉक्टरम्मांना म्हणावं, या वेळी मी आधी आडवी झाले."

तसे लिहिले आहे.

समारंभात पुष्कळ लोक डॉक्टरांसाठी शंभर वर्षे मागतील. मीही मागते, आणि ती त्यांनी निरोगी काढावीत, खिडकीशी न जाता, पेटीवरच्या शेवया स्वतःच्या डोळ्यांनी मोजत. माझ्या मोजण्यावर त्यांनी फार काळ विसंबू नये. मला अजून घडी आणि फाटणे यात कधी कधी विचारावे लागते.

अक्का, तंजावरच्या नेत्रतज्ज्ञांकडे मंगळवार धरून ठेवला आहे. मी सोबत येईन, टीचरही येतील. मेजावर मी आडवी होऊन पाहिले आहे; उशी आहे, जळमट नाही. समारंभानंतरच्या शुक्रवारपर्यंत उत्तर कळवावे, ही विनंती.